राबावर लिहायचंय : निर्वसाहतीकरणाच्या लेखात लोकांचं ज्ञान कसं मांडावं?

डोंगरपायवाट

ठाणे-कुलाब्यातला (कुलाबा म्हणजे आजचा रायगड जिल्हा) राब, म्हणजे भाताची रोपं करण्याआधी वाफ्यावर शेण-टहाळ जाळून जमीन भाजण्याची पद्धत, आणि इंग्रजांचं वनधोरण यावर दिवाळी अंकासाठी लेख करायचा आहे, साधारण तीन हजार शब्द. इतिहासाचा भाग लावून झालाय: १८७८चा वन कायदा, झाडांचे टहाळ (पानांसकट फांद्या) छाटण्यावर आलेली बंधनं, त्याविरुद्धच्या तक्रारी, १८८५ साली नेमलेला मुंबई वन आयोग आणि त्याचा १८८७चा अहवाल. पण लोकांच्या ज्ञानाकडे आलं की वाक्य असं उतरतं :

"निसर्गाशी एकरूप झालेल्या आदिवासींकडे पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं अमूल्य ज्ञान होतं. वसाहतवादी सत्तेने ते नाकारलं."

या दोन ओळींतून वाचकाला राबाबद्दल काहीच कळत नाही. किती तपशील द्यावा, तो कुणाच्या नावावर द्यावा, सरकारी दप्तर कसं वापरावं आणि काय छापूच नये, हे जाणकारांनी सांगावं.

भातखाचर

आधी राब लिहा, बंदी नंतर. उलटं केलं की राब म्हणजे फक्त "बंदी घातलेली गोष्ट" एवढंच वाचकाच्या लक्षात राहतं.

माघ-फाल्गुनात ऐन, किंजळ यांचे टहाळ छाटायचे (काही गावांत कवळ म्हणतात), भारे बांधून वाळू द्यायचे. रोपांसाठी पाणी न साचणारी, खाचराच्या वरच्या अंगाची जागा घ्यायची. लावणीच्या क्षेत्राच्या साधारण दशांश लागते. तिथे तळाला फोडलेलं वाळकं शेण, त्यावर टहाळ, त्यावर गवत आणि पातेरा (गळलेला वाळका पाला), आणि सगळ्यात वर बारीक मातीचा पातळ थर. चैत्र-वैशाखात वारा बघून पेटवायचं. वारा ज्या बाजूला जातो त्या कडेने पेटवलं की जाळ वाऱ्याच्या विरुद्ध, सावकाश सरकतो.

सगळं कसब त्या वरच्या मातीत आहे. माती जास्त झाली तर आग मध्येच गुदमरते आणि खाली अर्धकच्चं शेण राहतं. कमी झाली तर भडका उडून लगेच विझतो, जमीन तापत नाही, तणाचं बी जिवंत राहतं. ठिकठिकाणी कमी-जास्त भाजलेल्या वाफ्यात रोपं उंचसखल येतात, मग लावणीच्या दिवशी निम्मी उपटायला आलेली आणि निम्मी कोवळी. राब भाजून झाल्यावर पेरणीआधी मोठा वळीव कोसळला तर उतारावरच्या वाफ्यातली राख वाहून जाते. म्हणून खालच्या अंगाला बांध नीट लागतो.

तुमच्या लेखात हा माती-थर आला पाहिजे. "राब भाजतात" एवढंच लिहिलंत तर तो काडीकचरा जाळण्याचा प्रकार वाटेल, आणि बऱ्याच वन अधिकाऱ्यांची समजूत तीच होती.

मातीपरीक्षक

भातखाचर यांना दुजोरा, आणि त्यामागची कारणं. राबाने चार कामं होतात: वरच्या थरातलं तणाचं बी मरतं, राखेतून पोटॅश वगैरे मिळतं, माती भुसभुशीत होऊन रोप मुळं न तुटता उपटता येतं, आणि माती तापल्यामुळे तिच्यातल्या सूक्ष्मजीवांचा आणि अन्नद्रव्यांचा हिशेबच बदलतो. या शेवटच्या कामाकडे सुरुवातीला कुणाचं लक्ष नव्हतं. राब म्हणजे खत, असं धरून "मग टहाळांऐवजी दुसरं खत घ्या" असा सल्ला निघायचा. हॅरॉल्ड मॅन, जोशी आणि कानिटकर या कृषी अभ्यासकांनी पुण्याहून केलेला अभ्यास १९१२ साली छापला गेला. राखेइतकाच, किंबहुना जास्तच, परिणाम उष्णतेचा असतो हे त्यातून पुढे आलं.

माझं मत : लेखाची सुरुवात याच अभ्यासाने करा. वाचक लगेच विश्वास ठेवेल.

रानजाई

मातीपरीक्षक, अभ्यास महत्त्वाचाच आहे, पण सुरुवातीला नको. त्याने सुरुवात केली की वाचक असं समजतो की १९१२ पर्यंत ही नुसती रीत होती आणि प्रयोगशाळेने शिक्का मारल्यावर ती ज्ञान झाली. निर्वसाहतीकरणावरच्या, म्हणजे वसाहतकाळाची नजर बाजूला ठेवून लिहू पाहणाऱ्या, बहुतेक लेखांची गाडी इथेच घसरते. इंग्रजांवर टीका करायची, आणि खरं-खोटं ठरवायला शेवटी त्यांच्याच खात्याकडे जायचं.

दुसरं म्हणजे प्रश्नच वेगवेगळे होते. रोप का जोमाने वाढतं, हा अभ्यासकांचा प्रश्न. शेतकऱ्याचा प्रश्न असा: गुरं थोडी, शेण अपुरं, आषाढात निंदणीला हात नाहीत, पाऊस लागला की लावणी ठरावीक दिवसांतच उरकायला हवी, मग सारखी वाढलेली, तणविरहित, पटकन उपटता येणारी रोपं कशी मिळवायची? राब हे या दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आहे. आधी तो प्रश्न मांडा, मग पद्धत, मग ती कुठे फसते, आणि त्यानंतर १९१२चा अभ्यास एक साक्षीदार म्हणून येऊ द्या.

मोडीवाचक

दप्तराबद्दल. ठाणे जिल्ह्याचं गॅझेटिअर १८८२चं, कुलाब्याचं १८८३चं. दोन्हींतून राबाची, पिकांची, जातीजमातींची भरपूर माहिती मिळते. घ्या, पण प्रत्येक उताऱ्याशेजारी वहीत या गोष्टी टिपा: कोण बोलतंय, कुठल्या हुद्द्यावरून, कुणाच्या प्रश्नाला उत्तर म्हणून, आणि मधे दुभाषी किंवा कारकून कोण होता. निम्म्या उताऱ्यांत शेवटचं उत्तर सापडत नाही. तसं असेल तर लेखात तेही स्पष्ट लिहा.

आयोगाच्या कागदांबाबत जास्त जपून. तक्रारी मांडणाऱ्यांत जमीन बाळगणारे, लिहिता-वाचता येणारे लोक पुढे होते. टहाळ तोडणारे, भारे वाहणारे, राब रचणारे वारली-कातकरी मजूर त्या कागदांत बहुधा दुसऱ्याच्या तोंडून बोलतात. "रयतेचं म्हणणं" असं सरसकट लिहू नका. जमीनमालकाला टहाळ हवे होते ते त्याच्या खाचरासाठी. कातकऱ्याचं जंगलाशी नातं त्याहून मोठं होतं: काताचा धंदा, कोळसा, कंदमुळं, शिकार. वन कायद्याने दोघांनाही अडवलं, पण दोघांचं नुकसान एकाच मापाने मोजता येत नाही.

शिवाय सगळे गोरे अधिकारी एका सुरात बोलत नव्हते. १८८९च्या अखेरीला भारतात आलेले कृषिरसायनज्ञ व्होल्कर यांनी इथल्या शेतकऱ्याच्या कसबाची उघड कदर केली, त्यांचा अहवाल १८९३चा. बोरघाटातून १८६३ला आणि थळघाटातून १८६५ला रेल्वे वर चढली. स्लीपर, सरपण, मुंबईच्या बांधकामाचं लाकूड, या मागणीने जंगल ओरबाडलं जात असताना दोष टहाळांवर ढकलला जात होता. हा मुद्दा तुमच्या लेखात हवाच.

खालचीआळी

शीर्षकात "आदिवासी ज्ञान" घालणार असाल तर थांबा. राब कुणबी करतात, आगरी करतात, ठाकर, महादेव कोळी, कोकणा, वारली सगळे करतात. एकट्या आदिवासींच्या नावावर केलात तर चूक. "कोकणी शेतकऱ्याचा" म्हणालात तर ज्यांनी दुसऱ्याच्या खाचरात वेठीने राब रचला ते गायब होतात. डहाणू-तलासरी-उंबरगाव भागात वेठ आणि लग्नगडी (लग्नाच्या कर्जापोटी मालकाकडे गडी म्हणून राबणं) या प्रथांविरुद्ध वारल्यांना १९४५ साली उठाव करावा लागला, तोपर्यंत हे चालूच होतं. पद्धत हातात असलेला माणूस आणि खाचराचा मालक हे कित्येकदा वेगवेगळे होते.

गाव, तालुका, समाज, काळ, चारही लिहा. "जव्हार तालुक्यातल्या वारली आणि कोकणा कुटुंबांत आज असं करतात" हे तपासता येतं. "आदिवासी असं करतात" हे कुणालाच तपासता येत नाही.

डोंगरपायवाट

शीर्षक बदलतो. एक शंका: राबामुळे जंगलाचं नुकसान झालंच नाही, असं लिहावं का?

ऐनसाजड

तसं लिहू नका. ऐन छाटणी सोसतो, पुन्हा फुटतो. पण दरवर्षी, शेंड्यापर्यंत, वाढीला अवधी न देता तोडला तर झाड खुरटतं आणि बी धरत नाही. जिथे वरकस जमीन (डोंगरउताराची हलकी जमीन) पुरेशी होती तिथे झाडं आळीपाळीने छाटली जायची. राखीव जंगलाच्या रेषा आखल्या गेल्या आणि उरलेल्या थोड्या झाडांवर सगळ्यांचा भार पडला, तिथे ती आळीपाळी मोडली. म्हणजे नुकसान झालं, पण त्यामागचं एक मोठं कारण ती रेषाच होती. "लोक जंगल जपतातच" आणि "लोक जंगल संपवतातच" ही दोन्ही वाक्यं आळशीपणाची आहेत. पद्धत कुठल्या अटींवर टिकते, हे सांगणारं वाक्य लिहा.

लेखाचा शेवट १८८७ला करू नका, हीही विनंती. राब आजही बदलतोय. कोकणात गादीवाफ्यावर (उंच केलेल्या सपाट वाफ्यावर) न भाजता रोपं करायची शिफारस आहे, एका हेक्टरसाठी दहा गुंठे, म्हणजे तोच दशांश. चारसूत्री या सुधारित भातशेती पद्धतीत रोपवाटिकेत भाताच्या तुसाची काळी राख मिसळतात, चौरस मीटरला अर्धा ते एक किलो. त्यातल्या सिलिकामुळे रोप कणखर होतं. पण भाजल्याशिवाय तण आवरत नाही म्हणून कित्येक शेतकरी गादीवाफा करूनही थोडा पातेरा जाळतातच. ज्ञान असं दुरुस्त होत चालतं. त्याला १८८० सालात गोठवून ठेवलं की ते संग्रहालयात जातं.

शेवळंकाकडं

राब उघड्यावर होतो, त्यावर लिहायला कुणाची हरकत नसेल. पण लेखात रानभाज्या आणि औषधी येणारच असतील तर वेगळी काळजी घ्या.

शेवळ्याचं उदाहरण घ्या. पहिल्या पावसाच्या आगेमागे जमिनीतून कोंब येतात. त्यात कॅल्शियम ऑक्झलेटचे सुईसारखे स्फटिक असतात, तसंच शिजवून खाल्लं तर घशात टोचतं, जीभ सुजते. म्हणून आतला पिवळा दांडा काढून टाकतात, कोंब बारीक चिरून चांगले परततात आणि त्यात काकडाची आंबट फळं घालतात. काकड न मिळाल्यास चिंच किंवा कोकम. "आदिवासी शेवळं खातात, ती पौष्टिक असतात" एवढंच छापलं तर कुणीतरी बाजारातून जुडी आणून नुसती फोडणीला टाकेल आणि दवाखान्यात जाईल. अर्धं ज्ञान छापणं हा अपमान आहेच, वर धोकाही आहे.

नावांचं पथ्य पाळा. एकाच भाजीला फोडशी, कुलू, कोळू अशी नावं, आणि एकच नाव दोन तालुक्यांत दोन झाडांना. स्थानिक नाव, कुठल्या गावात, कुठल्या भाषेत, आणि शास्त्रीय नाव, चारही द्या. शास्त्रीय नाव फोटोवरून ठरवू नका. फूल-फळासकट नमुना दाबून वाळवा आणि भारतीय वनस्पती सर्वेक्षणाच्या पुण्याच्या केंद्रातल्या किंवा एखाद्या महाविद्यालयाच्या वनस्पतिसंग्रहाशी ताडून घ्या.

जागा मात्र छापू नका. सफेद मुसळीची एक जात बोरिवलीच्या नावाने ओळखली जाते, १९५५ साली तिचं वर्णन झालं. बाजारात मागणी वाढली तशी ती रानातून खणून खणून दुर्मीळ झाली. "अमुक घाटात अमुक ओढ्याकाठी" असं लिहिणं म्हणजे व्यापाऱ्याच्या हातात नकाशा देणं.

कलमदान

कायद्याची बाजू, कारण लेखकांना वाटतं की लेख छापल्याने ज्ञानाला संरक्षण मिळतं.

हळदीच्या प्रकरणात जखम भरून काढण्याबद्दलचं अमेरिकन पेटंट १९९५ला दिलं गेलं आणि १९९७ला रद्द झालं. वैज्ञानिक आणि औद्योगिक संशोधन परिषदेने, तेव्हा रघुनाथ माशेलकर महासंचालक होते, जुने ग्रंथ आणि १९५३च्या एका वैद्यकीय नियतकालिकातला लेख पुढे ठेवला. छापील पुरावा होता म्हणून जिंकलो. त्या काळच्या अमेरिकी कायद्यात परदेशातलं तोंडी ज्ञान आधीचं ज्ञान म्हणून धरलंच जात नव्हतं, तो नियम २०१३ पासून बदलला. आपल्या पेटंट कायद्यात स्थानिक समाजाचं तोंडी ज्ञानही हरकतीचा आधार होऊ शकतं, कलम २५(१)(के) बघा.

आपला पारंपरिक ज्ञानाचा डिजिटल संग्रह आयुर्वेद, युनानी, सिद्ध अशा लिखित परंपरांवर उभा आहे. कातकरी वैदूचं ज्ञान त्यात नाही. २०२३च्या दुरुस्तीने जैवविविधता कायद्यात "संहिताबद्ध" ज्ञानाला लाभवाटपातून (नफ्यातला वाटा ज्ञान असलेल्या समाजाला देण्याच्या बंधनातून) सूट मिळाली, आणि संहिताबद्ध म्हणजे औषधे आणि सौंदर्यप्रसाधने कायद्याच्या पहिल्या अनुसूचीतले ग्रंथ. दिवाळी अंकात छापल्याने एखादं औषध संहिताबद्ध होत नाही. ते सर्वांना फुकट मात्र होतं. पेटंट अडवायला ते छापील पान कामी येईलही, पण गावाला वाटा मिळायची बोलणी होण्याआधीच गुपित गेलेलं असतं.

वनहक्क कायद्याचं कलम ३(१)(के) जैवविविधतेशी जोडलेल्या पारंपरिक ज्ञानावर सामूहिक हक्क देतं. म्हणून औषधांबाबत परवानगी एका वैदूची पुरत नाही, ग्रामसभेचा ठराव घ्या. ठरावात हे यावं: काय छापणार, कुठे छापणार, आंतरजालावर जाणार का, नावं द्यायची की नाही, कोणता भाग वगळायचा, आणि मजकूर छापण्याआधी वाचून दाखवायचा. मराठीत वाचून दाखवणं पुरेल असं गृहीत धरू नका. मेळघाटात कोरकू, गडचिरोलीत गोंडी-माडिया बोलणाऱ्या म्हाताऱ्यांना त्यांच्या भाषेत ऐकवावं लागतं.

रानजाई

कलमदान, ग्रामसभेच्या ठरावाशी सहमत, पण "समाजाने संमती दिली" हेही तपासून लिहावं लागतं. केरळातल्या काणी लोकांचं प्रकरण लाभवाटपाचा आदर्श म्हणून जगभर सांगितलं जातं. १९८७ साली अगस्त्य डोंगरात संशोधकांच्या काणी वाटाड्यांनी आरोग्यपच्चा ही थकवा घालवणारी वनस्पती दाखवली. त्यावरून जीवनी हे औषध झालं, १९९५ला कोइमतूरच्या कंपनीला सात वर्षांसाठी दहा लाख रुपये आणि दोन टक्के स्वामित्वधनावर (रॉयल्टीवर) परवाना दिला, निम्मा वाटा काणींना, त्यासाठी १९९७ला न्यास. पण माहिती सांगणारे काणी एका भागातले, इतर भागांतल्या काणींना आणि त्यांच्या वैद्यांना, म्हणजे प्लाथींना, विचारलंच नव्हतं, त्यांनी हरकत घेतली. शिवाय वन खात्याने पानं गोळा करायला अडवलं, त्यामुळे पुरवठाच अडकला. हे प्रकरण उल्लेखायचं असेल तर दोन्ही बाजूंसकट, नाहीतर नको.

दूरदेशी

कॅनडातल्या फर्स्ट नेशन्सनी १९९८ साली आपल्या माहितीवर मालकी, नियंत्रण, पोहोच आणि ताबा अशी चार तत्त्वं मांडली. इथे विद्यापीठातल्या संशोधकांना बहुधा त्यांच्याशी लेखी करार करावा लागतो. तुमच्याकडे लोक जैवविविधता नोंदवही (गावातल्या झाडा-प्राण्यांची आणि त्यांच्याबद्दलच्या ज्ञानाची नोंद) आहे ना? ती उघडी असते का?

कलमदान

गावागणिक फरक. नोंदवही जैवविविधता व्यवस्थापन समितीने करायची असते आणि गोपनीय माहिती वेगळी ठेवायची सोय आहे. कित्येक ठिकाणी बाहेरच्या माणसाने शेजारच्या गावाची नोंदवही थोडी बदलून भरून दिलेली असते. वापरण्याआधी गावातल्या दोन-तीन जाणत्या बायकांना पंधरा-वीस नावं वाचून दाखवा, नक्कल असेल तर लगेच उघडी पडते. बियाणं, रानभाजी, बाळंतपण यांचं ज्ञान बहुतेक बायकांकडे असतं आणि नोंदवहीवर सह्या पुरुषांच्या असतात. अकोले तालुक्यातल्या राहीबाई पोपेरे यांना २०२०ची पद्मश्री देशी बियाण्यांसाठी मिळाली, तरी सर्वेक्षणाला आलेले लोक आजही पहिल्यांदा पाटलाच्या ओट्यावरच जातात.

डोंगरपायवाट

औषधांचा भाग वगळतो, फक्त राब ठेवतो. त्या दोन वाक्यांच्या जागी आता हे :

"ठाणे आणि कुलाबा जिल्ह्यांत कुणबी, आगरी, ठाकर, वारली, कोकणा अशी अनेक कुटुंबं भाताचं रोप राबावर करत. थोड्या शेणात आणि थोड्या हातांत, पहिल्या पावसाबरोबर सारखं वाढणारं, तणविरहित रोप मिळवण्याची ती पद्धत होती. शेण, टहाळ, पातेरा आणि वर मातीचा पातळ थर. आग सावकाश सरकावी म्हणून तो थर. टहाळ आळीपाळीने छाटायला पुरेशी वरकस जमीन ही तिची अट होती. १८७८ नंतर राखीव जंगलाच्या रेषांनी ती अटच काढून घेतली. राब रचणाऱ्या मजुरांचं स्वतःचं म्हणणं आयोगाच्या कागदांत क्वचितच थेट येतं. जे येतं ते बहुधा जमीनमालकांच्या अर्जांतून."

मोडीवाचक

चांगलं झालंय. "रेषांनी ती अटच काढून घेतली" हे दोन्ही जिल्ह्यांना सरसकट लावू नका. काही ठिकाणी छाटणीच्या सवलती राहिल्या. ज्या तालुक्यांचे कागद तुम्ही पाहिलेत त्यांची नावं त्या वाक्यात घाला.

भातखाचर

"करत" हा भूतकाळ एकटा नको. "करत आणि अजूनही करतात". आणि शेणाच्या आधी "वाळकं, फोडलेलं" घाला, ओल्या शेणाचा राब जळत नाही.